जुने कपाट घेताना आधी त्याची पाठ पाहावी
(वाचकांचे प्रश्न : जुने लाकडी सामान)

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे जुन्या कपाटांविषयी, पेट्यांविषयी आणि जाळीच्या फडताळांविषयी आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात दोन खोल्यांचे नवे घर घेतले असून जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्याच्या बाजारात एक आरशाचे कपाट पसंत केले आहे. विक्रेते ते ‘सव्वाशे वर्षांचे बर्मा टीक’ असल्याचे सांगतात आणि त्याप्रमाणेच किंमत मागतात. माझ्या यजमानांना मात्र ते कपाट गेल्या वर्षीचे वाटते. खरे-खोटे कसे ओळखावे?

उत्तर : आपण दोघेही बरोबर असण्याची शक्यता आहे, म्हणजे लाकूड सव्वाशे वर्षांचे आणि कपाट गेल्या वर्षीचे. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातून फार मोठ्या प्रमाणावर साग मुंबई बंदरात उतरत असे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये याच व्यापारासाठी उभी राहिली. त्या सागाच्या तुळया आणि खांब मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींमध्ये बसले, आणि आता त्या इमारती पाडल्या जात असताना तेच लाकूड बाजारात येऊन त्याची कपाटे होत आहेत. अशा कपाटात वाईट काही नाही. शंभर वर्षे मुरलेला साग आज नव्याने मिळणे कठीण आहे आणि तो सहसा वाकत नाही. मात्र त्याला ‘जुन्या लाकडाचे नवे कपाट’ म्हणावे आणि किंमतही तशीच द्यावी, एवढाच मुद्दा आहे. तो साग ब्रह्मदेशाचा की मलबारचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणारे लोक फार थोडे असतात, त्यामुळे त्या नावासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

आता परीक्षेविषयी. कपाटाचा दर्शनी भाग हा विक्रेत्याने तयार केलेला असतो. म्हणून दाराकडे आणि आरशाकडे न पाहता प्रथम एक खण पूर्ण बाहेर काढावा आणि उलटा करावा. जुन्या सुताराने खणाच्या आतल्या व खालच्या बाजूला पॉलिश केलेले नसते, कारण तेथे कोणी पाहणार नाही हे त्याला ठाऊक होते. तेथील लाकूड कोरडे, सर्वत्र सारखे नसलेले आणि हवेने काळवंडलेले असावे. आत-बाहेर एकाच छटेचा तपकिरी रंग दिसला, तर तो ब्रशने दिलेला आहे. खणाच्या कोपऱ्यांवर पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा जो जोड असतो, ज्याला सुतार डोव्हटेल म्हणतात, तो हाताने कापलेला असेल तर त्याचे दाते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यांच्या बुडाशी सुताराने आखलेली बारीक रेघ अजून राहिलेली असते. यंत्राने कापलेले दाते सगळे एका मापाचे असतात. त्यानंतर खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पाहाव्यात. हजारो वेळा उघडलेल्या खणाने त्या पट्ट्यांवर चर पाडलेला असतो आणि खणाच्या बाजूंची खालची कडही पुढच्यापेक्षा मागे जास्त झिजलेली असते. ही झीज रंधा मारून वा कानस घासून हुबेहूब आणणे फार कष्टाचे काम आहे, म्हणून नकला करणारे सहसा त्या वाटेला जात नाहीत.

मग कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. विक्रेत्याने त्याला नकार दिला, तर तेच आपले उत्तर समजावे. पाठ रुंद फळ्यांची असेल तर मोबाइलचा दिवा बाजूने तिरका धरून तळहात फिरवावा. हाताच्या रंध्याने केलेल्या फळीवर लाटांसारखे सौम्य उंचवटे लागतात. फळीवर धनुष्याकार ओरखडे असतील तर ती गोल पात्याच्या यंत्रकरवतीने कापली आहे. पाठ प्लायवूडची असेल तर बहुधा ती तरी नंतर बसवलेली आहे. स्क्रूही पाहावेत : अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे तो जेथे असेल तो भाग त्यानंतर उघडला गेला आहे किंवा त्यानंतरच तयार झाला आहे. एकटा स्क्रू पुरावा ठरत नाही, कारण दुरुस्ती कोणत्याही प्रामाणिक कपाटाची होते. पण सगळेच स्क्रू तसे असतील तर विचार करावा.

एक खूण मला विशेष विश्वासाची वाटते. घुणकिड्याचे छिद्र लाकडाच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकासारखे गोल दिसते आणि त्याचा बोगदा आत जातो. फळीच्या पृष्ठभागावर किंवा कडेवर जर उघडे पडलेले लांबट चर दिसत असतील, तर ते लाकूड किडीने पोखरल्यानंतर पुन्हा चिरले गेले आहे, म्हणजे ते आधी दुसरेच काहीतरी होते.

या सगळ्या शहाणपणाची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी वर काचेची दारे आणि खाली खण असलेले एक दुमजली कपाट घेतले आणि घरी आणल्यावर दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की, वरच्या भागाच्या बाजू एका प्रकारच्या जोडाने व खालच्या दुसऱ्या प्रकारच्या जोडाने बांधलेल्या आहेत. दोन वेगवेगळ्या घरांतील दोन अर्धवट कपाटांचा तो संसार होता. दोन मजल्यांच्या पाठी एकत्र पाहिल्या असत्या तर पाच मिनिटांत कळले असते. ते कपाट आजही आमच्याकडे आहे आणि उत्तम काम देते, पण मी पैसे एका जुन्या कपाटाचे दिले होते.

शेवटी मापाविषयी, कारण ठाण्याच्या इमारतीत जायचे आहे. कपाटाची उंची-रुंदी मोजून भागत नाही. लिफ्टचे दार, लिफ्टची आतली तिरपी लांबी, जिन्याचे वळण आणि घराच्या दाराची चौकट ही चारही मापे घेऊन जावीत. चांगल्या जुन्या कपाटांचा माथा आणि पायथा अनेकदा खुंट्यांवर बसवलेला, म्हणजे सुटा होणारा असतो, हे विचारून घ्यावे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी केलेली खणांची पेटी तर मुळातच दोन भागांत उचलण्यासाठी बांधलेली असे. तिच्या कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या असतात आणि मुठी आत बुडवलेल्या असतात, म्हणजे प्रवासात त्या कशालाही अडकत नसत. लहान लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांना मी आरशाच्या कपाटाआधी तिचाच विचार करायला सांगतो.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरात आजीचे दुभत्याचे जाळीचे कपाट आहे. त्यावर हिरव्या रंगाचे तीन-चार थर आहेत. ते घासून मूळ लाकूड काढावे आणि पुण्याच्या स्वयंपाकघरात ठेवावे, असा विचार आहे. योग्य होईल का?

उत्तर : ठेवणे योग्य होईल, घासणे मात्र थांबवावे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे आजीच्या काळच्या रंगाविषयी गृहीत धरण्यासारखे काही नाही. कोरडा पॉलिशपेपर मारल्यास तोच रंग धूळ होऊन घरभर, विशेषतः लहान मुलांच्या हातातोंडापर्यंत पोहोचतो. रंग काढायचाच असेल तर तो द्रवरूप रंगनाशकाने मऊ करून, ओला असतानाच पत्र्याने खरवडून, घराबाहेर आणि मास्क लावून काढावा, आणि निघालेला लगदा अंगणात टाकू नये.

परंतु मला विचाराल तर, तो हिरवा रंग काढूच नये. या कपाटांचे लाकूड कोकणात बहुधा फणसाचे किंवा शिवणीचे असे, सागाचे क्वचित. ते दाखवण्यासाठी नव्हे, तर धुण्या-पुसण्यासाठी रंगवलेले असे. सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्याने उतरवून, त्यावर पारदर्शक लेप देऊन रंग बंदिस्त करता येतो. आतल्या फळ्यांवर, जेथे अन्न ठेवणार तेथे, नव्या फळ्या किंवा काचा टाकाव्यात. जाळी गंजली असेल तर बेलाशक बदलावी. जाळी ही या कपाटात मुळातच बदलण्यासाठी असते. दूध-दही आता फ्रिजमध्ये जात असल्याने या कपाटात कांदे, बटाटे, लसूण, लोणच्याच्या बरण्या आणि फोडणीचे साहित्य ठेवावे. हवा खेळती राहण्याची ही व्यवस्था कांद्याला आजच्या बंद मॉड्युलर कपाटापेक्षा कितीतरी अधिक मानवते. पायांखाली पाणी भरलेल्या दगडी वाट्या असतील तर त्याही बरोबर आणाव्यात. मुंग्यांवर तो उपाय आजही चालतो, फक्त डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागेल.

प्रश्न : पैठण्या आणि शालू ठेवण्यासाठी पितळी पट्ट्यांचा, चाके असलेला मोठा पेटारा घ्यावा की जुने कपाट? पेटारा दिसायला फारच सुंदर आहे. (कोल्हापूर)

उत्तर : चाकांचा तो पेटारा बहुधा गुजरातचा, त्यातही सौराष्ट्राकडचा ‘पटारा’ असावा. लेकीबरोबर सासरी द्यायच्या वस्तू त्यात भरल्या जात. त्याचे सौंदर्य वादातीत आहे, पण त्याची रचना साठवून ठेवण्यासाठी आहे, काढून वापरण्यासाठी नव्हे. पेटाऱ्यात जे तळाशी जाते ते पुन्हा वर येत नाही, हा अनुभव ज्यांच्या घरी पेटारा आहे त्यांना विचारावा. रेशमी वस्त्रे तर वर्षातून दोनदा काढून, घड्या बदलून, उन्हात नव्हे तर सावलीत हवेवर टाकायची असतात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेली जर आणि रेशीम नेमके त्या रेघेवर चिरते. म्हणून पैठण्यांसाठी उथळ खणांचे किंवा कमी अंतरावर फळ्या असलेले कपाट चांगले, आणि पेटारा जादा पांघरुणे, गाद्यांच्या खोळी आणि दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी चांगला.

दोन्हीतही वस्त्र थेट लाकडावर ठेवू नये. लाकडातून आम्ल सुटते आणि त्याचे डाग रेशमावर उमटतात. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मलमलीत प्रत्येक साडी वेगळी गुंडाळावी. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. कपाट पाहताना त्याची आतली खोली मोजावी : हँगरवर कपडे लावायचे असतील तर सुमारे बावीस इंच खोली लागते आणि पुष्कळशी जुनी कपाटे घडीच्या कपड्यांसाठी केलेली असल्यामुळे तेवढी खोल नसतात. तशा कपाटात दांडी आडवी ठोकून ते बिघडवण्यापेक्षा ते घडीच्या कपड्यांसाठीच ठेवावे.

पेटारा घेतलाच, तर त्याच्या झाकणाचा आपोआप बसणारा खटका काढून टाकावा. लपाछपी खेळताना मूल आत शिरले आणि झाकण बसले, तर आतून ते उघडत नाही. जड झाकण आपटू नये म्हणून साखळी किंवा टेकू बसवून घ्यावा.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेल्या जुन्या शिसवी कपाटाखाली पिठासारखा बारीक भुगा पडू लागला आहे. विक्रेत्याने ‘शिसवीला कीड लागत नाही’ असे सांगितले होते. कपाट टाकून द्यावे लागेल का?

उत्तर : टाकू नये. शिसवीच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, हे खरे आहे; पण गाभ्याभोवतीच्या फिकट लाकडाला लागते, आणि जुन्या कपाटांच्या पाठी व खणांचे तळ पुष्कळदा आंब्यासारख्या स्वस्त लाकडाचे असतात. बाहेरून शिसवी दिसणारे कपाट आतून सगळे शिसवी नसते, यात फसवणूक असतेच असे नाही.

प्रथम भुगा कोठून पडतो ते शोधावे. कपाटाखाली काळा कागद पसरावा, सर्व छिद्रांभोवती खडूने खूण करावी आणि पंधरा दिवस पाहावे. नवा भुगा पडला नाही, तर जुन्या बोगद्यांतला भुगा कपाट हलवल्यामुळे गळला असेल. नवा पडला, तर कीड जिवंत आहे. तो भाग सुटा होणारा असेल तर वेगळा काढून, आणि नसेल तर संपूर्ण कपाट, जाणकार कीडनियंत्रकाकडून धुरी देऊन घ्यावे. नुसते छिद्रात औषध सोडून खोलवरच्या अळ्यांपर्यंत ते पोहोचतेच असे नाही. रॉकेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने पॉलिश जाते, वास वर्षभर राहतो आणि आगीची भीती वाढते ती वेगळीच. भुग्याऐवजी मातीची नळी भिंतीवरून कपाटापर्यंत आलेली दिसली, तर ती वाळवी आहे. तेव्हा उपचार कपाटाचा नव्हे, भिंतीचा आणि जमिनीचा करावा लागतो.

कोणतेही जुने कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि कपाटाच्या पाठीला ती प्रथम कळते.

प्रश्न : गोव्यातील एका जुन्या घरातून निघालेले, अनेक लहान खणांचे, पांढरी नक्षी जडवलेले कपाट विकाऊ आहे. ती नक्षी हस्तिदंताची असल्याचे सांगितले जाते. घ्यावे का?

उत्तर : ती नक्षी खरोखर हस्तिदंताची असेल तर घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदेशीर आहे आणि वस्तू किती जुनी आहे, यावरून विकणाऱ्याची वा घेणाऱ्याची सुटका होत नाही. वडिलोपार्जित वस्तू घरात असेल तर तिच्या मालकीच्या कागदांविषयी वन विभागाकडे चौकशी करावी, पण ती विकण्याचा विचार करू नये.

हाड आणि हस्तिदंत यांत भेद आहे. भिंगातून पाहिल्यास हाडात बारीक काळपट ठिपके वा रेषा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. आणि प्लॅस्टिकमध्ये यांपैकी काहीच दिसत नाही. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला बाजारात हमखास मिळेल, तो मानू नये. बाजारात येणाऱ्या अशा कपाटांपैकी पुष्कळ हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या नक्षीची आणि अलीकडची असतात. पोर्तुगीज काळातील खरे गोमंतकीय सामान कसे असते, याची नजर तयार करायची असेल तर खरेदीआधी चांदोरचे ब्रागांझा घराण्याचे घर एकदा पाहून यावे; खुर्च्या, कपाटे आणि मेजे ज्या घरासाठी झाली त्याच घरात तेथे पाहायला मिळतात. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दारे आणि गृहोपयोगी वस्तू पाहाव्यात. दोन तास तेथे काढल्यावर बाजारातली घाईची कोरीव नक्षी आपोआप खटकू लागते.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहते. साताऱ्याच्या वाड्यातील पणजोबांचे कोरीव शिसवी कपाट माझ्या वाट्याला आले आहे. ते जहाजाने इकडे आणता येईल का?

उत्तर : कपाट कधीचे आहे, यावर पहिले उत्तर अवलंबून आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती वारसाहक्काने मिळालेली असो की विकत घेतलेली. पणजोबांनी ते स्वतःच्या लग्नात करवून घेतले असेल तर शंभर वर्षे सहज झाली असतील. ते त्यापेक्षा नवे आहे असे आपल्याला वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे छायाचित्रांसह अर्ज करून, वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागेल. सीमाशुल्क विभाग तेच मागतो. मालवाहतूक करणारा ‘सगळे होऊन जाईल’ म्हणाला तरी सही आपलीच असते.

दुसरी अडचण लाकडाची. शिसव ज्या वंशातील आहे, तो संपूर्ण वंश २०१७ पासून वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे दोन्ही देशांतील परवान्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

आणि तिसरी गोष्ट हवेची. साताऱ्याच्या हवेत वाढलेले रुंद फळ्यांचे कपाट न्यू जर्सीच्या हिवाळ्यात, हीटर चालू असलेल्या कोरड्या खोलीत ठेवले, तर फळ्या आकसतात आणि दारांच्या मधल्या तावदानफळ्यांना उभ्या भेगा जातात. त्या भेगा पुटीने भरू नयेत. उन्हाळ्यात लाकूड पुन्हा फुगते आणि पुटी शेजारचे लाकूड फोडते. कागदपत्रांत यश आले नाही, तर साताऱ्यातच राहणाऱ्या चुलतभावाच्या किंवा बहिणीच्या घरी ते कपाट वापरात राहू द्यावे. आपल्या वाट्याला त्याची किल्ली घ्यावी, आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडे असल्याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या कुलपाची किल्ली नव्याने करून देणारा कारागीर आता शोधावा लागतो.